टेकडीवरचे सात सांडवे

पाण्याची नळी आमच्या दारामागच्या खुंटीला वेटोळं करून टांगलेली असायची. अंगठ्याएवढी जाड, आरपार दिसणारी, दहा-बारा हात लांब. तिची दोन्ही टोकं अण्णांनी दोन काठ्यांना सुतळीने बांधली होती आणि काठ्यांवर कोयत्याने खुणा केल्या होत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, पूर्वी रोपवनाच्या कामावर चर खणायचे, तेव्हापासून ती त्यांच्याजवळ होती. नळीत पाणी भरायचं, एक काठी इथे उभी करायची, दुसरी दूर तिथे, आणि दोन्हीकडचं पाणी हलायचं थांबलं की कुठली जागा वर आणि कुठली खाली ते कळायचं. दुसरी काठी माझ्याकडे असायची. मी सात वर्षांची असल्यापासून धरत होते. पाणी थांबलं की मी हात वर करायचे, अण्णा मान हलवायचे, आणि चुन्याच्या फक्कीची एक टिपकी जमिनीवर पडायची. सबंध सकाळ आम्ही दोघं एक शब्द न बोलता काढायचो. मला ते काम फार आवडायचं. बोलावं लागत नसे म्हणून आवडायचं, हे आता लिहायला हरकत नाही.

आमची खोली कोथरूडच्या मागच्या टेकडीच्या पायथ्याला, रोपवाटिकेला लागून होती. अण्णा टेकडीचे वॉचमन. खोली नोकरीबरोबर मिळालेली आणि नोकरीबरोबरच जाणारी, हे आई दर महिन्यात एकदा तरी म्हणायची. ती सकाळी सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जायची, आणि मी घरी दोन धाकट्या बहिणी सांभाळायचे. त्यासाठीच चौथीनंतर माझी शाळा सुटली. बाई घरी विचारायला आल्या होत्या. आईने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "हुशार हाय, पर तोंडातनं शब्द काढत न्हाई. हिचं पुढं काय हुनार?" बाईंनाही ते पटलं असावं. चहा पिऊन गेल्या.

टेकडीला पहाटेपासून माणसं लागायची. आधी मोर ओरडायचे, मग हास्यक्लबवाले. वरच्या सपाटीवर गोल उभं राहून वीस-पंचवीस मोठी माणसं ठरवून हसायची. माझ्या बहिणी पांघरुणात तोंड खुपसून त्यांची नक्कल करायच्या आणि आई भाकरी थापता थापता म्हणायची, "हसू द्या त्यास्नी. घरी हसायची सोय नसंल." चुलीवर बाजरीची भाकरी, पाटा-वरवंट्यावर वाटलेला ठेचा, आणि पावसाळ्यात टेकडीवरचा टाकळा. कोवळा टाकळा खुडून लसूण घालून परतला की त्याचा वास अगदी वाटेपर्यंत जायचा. फिरायला येणाऱ्या बायका थांबून विचारायच्या, काय करताय? आई म्हणायची, गवत.

त्यात सायकलवाले आले. जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेऊन कॉलेजची मुलं वरून सुसाट खाली यायची. वाट एकच होती, सरळ उभी, पायथ्याच्या पाण्याच्या टाकीपासून माथ्यापर्यंत. सायकलीचं मागचं चाक ब्रेक लावला की घसपटत यायचं आणि मातीत खोल रेघ पडायची. पाऊस आला की पाणी त्याच रेघेतून धावायचं. दोन-तीन वर्षांत त्या वाटेचा ओघळ झाला, माझ्या कमरेएवढा. गिरिपुष्पाच्या झाडांची मुळं उघडी पडली. माणसं ओघळाच्या कडेने चालायला लागली, की तिथे नवी रेघ, नवा ओघळ. भांडणं तर रोजची. एकदा एका आजींनी एका सायकलवाल्याला अडवून सांगितलेलं मी ऐकलं, "अहो, घंटी बसवा. आम्ही टेकडीवर जायला निघालोय. त्याच्याही वर जायचं अजून ठरलेलं नाही."

शेवटी फिरायला येणाऱ्यांनी मंडळ काढलं. अध्यक्ष होते अप्पासाहेब. शनिवार पेठेत वाढलेले, कुठल्याशा कचेरीतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, हातात कायम एक वही. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. टेकडीवरच्या कुत्र्यालासुद्धा "चला, बाजूला व्हा" म्हणायचे. अण्णांना मात्र अरे किसन. मंडळाने ठरवलं, जुनी वाट काटेरी फांद्या टाकून बंद करायची आणि दुसरी वाट काढायची, डोंगराच्या अंगाने वळणं घेत जाणारी, हळूहळू चढणारी, चालणारे आणि सायकलवाले दोघेही मावतील इतकी रुंद. दर रविवारी श्रमदान. कल्पना चांगली होती. मी आज कितीही चिडून लिहीत असले तरी ती कल्पना चांगली होती, हे खोटं करता येणार नाही. अण्णांना तर इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःहून नळी काढून धुतली.

आखणीच्या दिवशी आम्ही चौघं होतो. अण्णा, मी, अप्पासाहेब, आणि सायकलवाल्यांच्या वतीने निनाद नावाचा एक मुलगा. इंजिनिअरिंगला होता, बोलायला गोड. पहिल्या वळणापर्यंत आखून झाल्यावर अण्णा थांबले. म्हणाले, "सायेब, चराची रेघ येगळी आन् वाटंची रेघ येगळी. चरात पानी थांबवायचं असतं. वाटंवरनं त्ये घालवायचं असतं. वाट बाहेरच्या अंगाला बोटभर कलती ठिवू. आन् दर पंधरा-वीस पावलांवर एक सांडवा काढू." धरणाला पाणी सोडायला सांडवा असतो, तोच शब्द ते वापरायचे. वाटेवर आडवी, तिरकी, उथळ अशी एक उतरण, परातीसारखी. चाक सहज जावं, म्हातारीचा पाय अडकू नये, आणि वाटेवरचं पाणी तिथल्या तिथे खाली गवतात उतरून जावं.

अप्पासाहेब म्हणाले, "किसन, आपण धरण बांधत नाही आहोत. इथे लोक फिरायला येतात, धडपडायला नाही. मला एकही खड्डा नको. आणि वाट बाहेर कलती ठेवलीस तर आमचे ज्येष्ठ नागरिक थेट तुझ्या रोपवाटिकेत उतरतील. आत कलती ठेव. डोंगराकडे."

"आत ठिवली तर पानी आतल्या कडंला जमा हुनार, सायेब. सगळं गोळा हुन तिसऱ्या वळनावर एकदम सुटंल. खाली रोपं हायेत."

निनाद म्हणाला, "अप्पा, आम्हालाही आत स्लोप बरा पडतो. टर्नला ग्रिप मिळते."

"झालं तर मग," अप्पासाहेब म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. अण्णांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी काठी आतल्या बाजूला दोन बोटं खाली धरली. पाणी थांबलं, मी हात वर केला. त्या चुकीच्या रेघेची प्रत्येक टिपकी माझ्या हाताने पक्की झालेली आहे.

पाच-सहा रविवारांत ती वाट झाली. साडीवर बूट घालून बायका आल्या, मुलं आली, कुणी डबाभर पोहे आणले, फोटो निघाले. खरं खणणारे अण्णा आणि त्यांनी आणलेले दोन गडी. पण खोटं कशाला बोलू, लोकही घाम गाळत होते. एक निवृत्त मास्तर तर हाताला फोड येईपर्यंत घमेली टाकत राहिले. वाट दिसायला अशी देखणी झाली की आईसुद्धा एकदा वर जाऊन चालून आली. म्हणाली, "सारवलेल्या ओसरीवानी वाटतंय."

गणपती उठले आणि चारच दिवसांनी दुपारी पाऊस झाला. तासभरच, पण असा की समोरची रोपं दिसेनात. मी दारात उभी होते. आधी डोंगरावरून नुसता आवाज आला, खडी उतरवताना ट्रकचा येतो तसा. मग तिसऱ्या वळणावरून लाल पाणी बाहेर आलं. वळण घेऊन आलं, दगड घेऊन आलं. रोपवाटिकेच्या अर्ध्या वाफ्यांवरून गेलं. काळ्या पिशव्यांतली करंज, बहावा, कडुनिंब, अण्णांनी बी टाकण्यापासून वाढवलेली सगळी रोपं चिखलाखाली. अण्णा गुडघाभर गाळात उतरले आणि एकेक पिशवी ओढून काढून माझ्या हातात द्यायला लागले. बहुतेकांची मानच मोडलेली होती. तरी देत राहिले.

पुढच्या रविवारी कट्ट्यावर मंडळाची सभा भरली. चहा आमच्या घरून. आईने आलं ठेचून घातलं होतं, मी किटली घेऊन फिरत होते. अप्पासाहेब उभे राहिले आणि वही उघडून म्हणाले, "वाट का वाहून गेली याचा शोध लावायला आपल्याला परदेशी तज्ज्ञ नको. वाट आखली कोणी? किसनने. नळी कोणाच्या हातात होती? किसनच्या. भरवसा कोणी ठेवला? आम्ही. तेवढी आमची चूक."

लोक हसले. त्यांतले बरेच रोज सकाळी ठरवून हसायचे तेच.

अण्णा मागे उभे होते. टोपी हातात. म्हणाले, "म्या सांगितलं हुतं, सायेब. सांडवं काढा म्हनलो हुतो."

"कोणाला सांगितलं होतंस?"

"तुमास्नीच की."

"मला आठवत नाही. माझ्या वहीतही नाही. आणखी कोणासमोर सांगितलंस?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग निनादकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे. "पोरगी हुती," ते म्हणाले. "तिला इचारा."

चाळीस माणसं वळली. मी त्या वेळी सोळा वर्षांची होते आणि चाळीस माणसांनी माझ्याकडे एकदम पाहण्याची ती पहिलीच वेळ. "काय गं," अप्पासाहेब म्हणाले, "सांगितलं होतं का तुझ्या वडिलांनी?" मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: अण्णांनी तेव्हाच सांगितलं होतं. चार शब्द. ते माझ्या घशात तयार होते, मला त्यांची चव लागत होती. मी मास्तरांच्या कपात चहा ओतत होते, आणि ओततच राहिले. कप भरला, बशी भरली, चहा त्यांच्या पायावर सांडला. मास्तर ओरडले. कुणीतरी म्हणालं, "किटलीला पण सांडवा पाहिजे." मोठा हशा झाला, आणि अप्पासाहेबांनी वही मिटली.

मी भित्री होते. ठीक आहे. मी चौथी शिकलेली, परक्या माणसाने नाव विचारलं तर पदर चावणारी मुलगी होते. पण निनाद? तो तर तिथेच होता. ग्रिप मिळते म्हणणारा तोच. तो सायकलवर एक पाय टेकवून उभा होता आणि गिअरची तार दोन बोटांनी चाचपत होता, जणू ती तारच आज नेमकी बिघडली होती. त्याला कुठली लाज आडवी आली? त्याला इंग्रजी येत होतं, मराठी येत होतं, पाचशे पोरांसमोर कॉलेजात भाषण करायचा म्हणे. माझ्या गप्प बसण्यावर मी इतकी वर्षं स्वतःला बोलत आले आहे. त्याच्या गप्प बसण्यावर त्याला कुणी एक शब्द बोललं नसेल.

मग ठराव झाला. एकाने मांडला, एकाने अनुमोदन दिलं. वाट होती तशीच, त्याच मापाने दुरुस्त करायची, आणि किसनच्या जागी दिवाळीनंतर दुसरा माणूस नेमावा अशी वरच्या कचेरीला विनंती करायची. मंडळाचा शब्द तिथे चालायचा. मी सगळ्यांचे कप गोळा केले.

घरी आल्यावर अण्णा हातपाय धुऊन जेवायला बसले. मला रागावले असते तर बरं झालं असतं. ताटात भाकरी कुस्करली, दूध घातलं, खाल्लं. आई मात्र भांडी आपटत होती. "दातखीळ बसली हुती का गं तुझी? बापाच्या नोकरीवर आली तरी?" अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिला बोलायचं कधी शिकिवलं आपन? हात वर करायलाच शिकिवलं." तेवढंच. त्या वाक्याने मला आजही भाजतं.

दुसऱ्या आठवड्यात श्रमदान करून लोकांनी वाट पुन्हा बांधली, पुन्हा आत कलती. टेकडी दुपारी अगदी रिकामी असते. सकाळचे गेलेले असतात, संध्याकाळचे यायचे असतात. आई दुपारच्या कामांना जायची, अण्णा उरलेल्या रोपांत असायचे. मी बहिणींना शेजारच्या काकूंकडे बसवलं, कुदळ जळणाच्या मोळीत घातली आणि वर गेले. मी काय ठरवलं होतं ते मला सांगता येणार नाही. मला फक्त राग आला होता, आणि तो तोंडातून निघत नव्हता.

वरून सुरुवात केली. वीस पावलं मोजली. आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत तिरकी रेघ मारली आणि खणायला लागले. मुरूम ठोकून ठोकून घट्ट झालेला होता. कुदळ उडून हाताला झिणझिण्या यायच्या. आत थोडं कमी, बाहेर थोडं जास्त, मधे परातीसारखी खोलगट, कडा हाताने बसवून गोल. पाणी जिथे उतरेल तिथे खाली चपटे दगड लावले, नाहीतर ते पाणी पायथा खातं. निघालेला मुरूम ओंजळीने उतारावर पसरला. एका दुपारी दोन झाले. हाताला फोड आले, ते घरी कपडे धुतल्याने आले असं मी सांगितलं.

तिसऱ्या दुपारी पाचवा खणत होते तेव्हा वरून सायकल आली. निनाद. त्याला माझा पहिला सांडवा तोवर लागून गेला असणार, आणि पडला नव्हता. तो थांबला. मी कुदळ धरून उभी. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "घाबरू नकोस. मी कुणाला सांगणार नाही."

न सांगण्यात तो तरबेजच होता. मी बाजूला झाले. तो गेला.

चौथ्या दुपारी सात पूर्ण झाले. खालचा अर्धा भाग राहिला, कारण रविवार आला. अप्पासाहेबांनी सांडवे पाहिले आणि वस्तीतल्या टारगट पोरांवर तोंडसुख घेतलं. "यांना काही चांगलं बघवत नाही," म्हणाले. पुढच्या रविवारी बुजवायचं ठरलं. पण त्याआधी परतीचा पाऊस झाला, दोन दिवस. वरची अर्धी वाट, माझ्या सात सांडव्यांची, जागच्या जागी राहिली. बारीक चीरसुद्धा नाही. वरचं पाणी वरच्यावर गवतात उतरून गेलं होतं, तरी खालची अर्धी तिच्या स्वतःच्याच पाण्याने पुन्हा फुटली.

पाऊस उघडल्यावर अण्णा मला म्हणाले, "चल गं जरा." मी जळणामागची कुदळ उचलली आणि आम्ही वर गेलो. ते प्रत्येक सांडव्यापाशी थांबले, उकिडवे बसले, कडेवरून हात फिरवला. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. सातव्यापाशी बाहेरच्या तोंडाला हाताची वीत लावली आणि म्हणाले, "ह्यो वीतभर लांब पायजे हुता. दगड अजून खाली लावायचा." मग उठले. मी म्हणाले, "व्हय." उतरताना त्यांनी कुदळ माझ्या हातातून घेतली आणि उघडपणे खांद्यावर टाकली.

सांडवे बुजवायचं राहिलंच, उलट मंडळाने त्या हिवाळ्यात खालच्या वाटेवर तसेच सांडवे काढले. मला वाटलं, आता अण्णांना बोलावतील. बोलावलं, पण खोलीची किल्ली मागायला. अप्पासाहेब स्वतः आले. "किसन, आमचा तुझ्यावर राग नाही. पण ठराव झालेला आहे. आता वार्षिक सभेशिवाय तो बदलता येत नाही." पाण्याने वाट दोनदा बदलली, त्यांचा ठराव काही बदलेना. आम्ही कात्रजला मावशीच्या घराशेजारी एका खोलीत गेलो. अण्णा गोठ्यावर शेण काढायला लागले. नळी त्यांनी खुंटीवरच ठेवली. मी विचारलं तर म्हणाले, "तितं काय आखायचं हाय?" पुढे टेकडीवर एक पाटी लागली, वाटेच्या रचनेचं श्रेय मंडळाला आणि अध्यक्षांच्या मार्गदर्शनाला देणारी. मला ती वाचता आली. तेवढी चौथी उपयोगी पडली.

लग्नानंतर मी परत कोथरूडला आले, आता नातवंडं आहेत. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. अप्पासाहेबही गेले. पाटी गंजली तरी आहे. मी आठवड्यातून एकदा टेकडी चढते, गुडघे तक्रार करतात तरी. गेल्या महिन्यात वर गेले तर नवी मुलं श्रमदान करत होती. सायकली अजून जाड टायरच्या, डोक्याला हेल्मेट. वाटेचा काही भाग पुन्हा खचलाय, तो फिरवून नवीन काढतायत. एक मुलगी सातव्या सांडव्यापाशी टेप लावून बसली होती. दुसऱ्याला म्हणाली, "हा बघ ना, किती जुना आहे, तरी शेप परफेक्ट. फक्त आउटलेट थोडं शॉर्ट आहे. वीतभर वाढवू." मग मला म्हणाली, "आजी, जरा बाजूला होता का? मेजर करतोय."

मी बाजूला झाले नाही.

"अण्णांनी तेव्हाच सांगितलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. खालून येणारा एक माणूस थांबला.

मुलीने टेप सोडला. "कोण अण्णा? कुणाला सांगितलं होतं?"

मी तिथेच सांडव्याच्या कडेवर बसले आणि तिला सांगायला लागले. या वहीत मी ज्यांची खरी नावं लिहिली नाहीत, त्यांची तिला सांगितली. पाटीवरचं नाव पण. ती लिहून घेत होती.